हात आवरायचा शनिवार

पहाटे ५.४०

स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर टांगलेला तापमापक ४१ दाखवतोय. फॅरनहाइट. आपल्या हिशेबात ५ अंश. न्यू जर्सीत एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एवढ्या गारठ्याचं कुणाला काही वाटत नाही. पण फोनवर हवामान खात्याचा इशारा येऊन पडलाय. आज रात्री आकाश निरभ्र, वारा पडलेला, पारा २९ पर्यंत. गोठणबिंदूच्या तीन अंश खाली.

पंधरा दिवसांपूर्वी हाच इशारा आला असता तर मी कूस बदलून झोपले असते. तेव्हा डोळे मिटलेले होते. झाडाचे, आणि त्यामुळे माझेही. या आठवड्यात मात्र माझ्या सगळ्या मेपलना पालवी फुटलीय. चार जमिनीत, अकरा कुंड्यांत. पानं अजून ओलसर, दुमडलेली, नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या मुठीसारखी. खोडाला उणे २५ सेल्सिअसचं फारसं वाटत नाही, पण ही पानं उणे दोनला काळी पडतात.

जपानी लोक या झाडाला ‘काएदे’ म्हणतात. जुन्या जपानीत बेडकाच्या हाताला जो शब्द होता, त्याचंच हे झिजलेलं रूप. दुसरं नाव ‘मोमिजी’. त्यात पान रंगण्याचा अर्थ आहे. आणि सगळ्यांत साध्या, रानातल्या जातीला ‘इरोहा मोमिजी’ म्हणतात, कारण पानाची बोटं पोरं मुळाक्षरांच्या जुन्या क्रमानं मोजायची, आणि सातव्या अक्षराला पान संपायचं. आपण हाताच्या पेरांवर जप मोजतो तसंच. शास्त्रीय नाव एसर पाल्मेटम. ते ठेवणाऱ्या स्वीडिश थुनबर्गलाही या पानात हातच दिसला.

आज या हातांना रात्रीपुरतं झाकायचंय. आणि दिवसभर माझे हात आवरायचेत. दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड आहे.

सकाळी ६.३०

नोकरी सोमवार ते शुक्रवार. खरं काम शनिवारी. चहाचा मग एका हातात आणि जुनं, मुदत संपलेलं लायब्ररीचं प्लास्टिक कार्ड दुसऱ्या हातात, असा बागेचा पहिला फेरा.

कार्ड खरवडायला. मेपलच्या खोडावर, फांदीच्या खालच्या बाजूला, कुंडीच्या काठाखाली वाळक्या चिखलाचा पुसट पट्टा दिसला की तो चिखल नसतो. स्पॉटेड लँटर्नफ्लाय नावाच्या किडीची ती अंडी, एका पट्ट्यात तीसपासून पन्नासपर्यंत. ही कीड आशियातून आली. २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा सापडली आणि २०१८ मध्ये आमच्या राज्यात पोचली. आता कुठल्याही दिवशी अंडी फुटतील. पट्टा खरवडून हँड सॅनिटायझरच्या पिशवीत टाकायचा. आज दोन मिळाले, दोन्ही कुंड्यांच्या तळाशी. मेपलचा ती फार घात करत नाही. तिचा खरा जीव द्राक्षवेलीवर आहे, आणि म्हणूनच मी हे काम जरा सूड घेतल्यासारखं करते. त्याचं कारण साडेसातला फोनवर येईल.

पुढचं झाड ‘सांगो काकु’. नावात प्रवाळ आहे. हिवाळ्यात याच्या कोवळ्या फांद्या पोवळ्यासारख्या लाल दिसतात, बर्फात तर दृष्ट काढावी अशा. पण हा नाजूक. यंदा दोन शेंडे काळे पडलेत. काळं म्हणजे मेलेलंच, असं धरून चालायचं नाही. अंगठ्याच्या नखानं साल अलगद खरडायची. खाली हिरवं दिसलं तर फांदी जिवंत, तपकिरी दिसलं तर गेली. शेंड्यापासून खाली येत येत खरडलं, तर चौथ्या पेराला हिरवं लागलं. कात्री स्पिरिटनं पुसली आणि हिरव्याच्या जरा वर, मेलेल्या लाकडातच कापलं. दुसऱ्या फांदीसाठी कात्री पुन्हा पुसली.

बस. एवढंच. शेजारीच एक फांदी दुसरीवर घासतेय, एक आतल्या बाजूला वळलीय. हात शिवशिवतो. पण वसंतात मेपलच्या अंगात रस चढलेला असतो. जिवंत फांदी कापली की जखमेतून टपटप पाणी गळत राहतं. त्या फांद्यांचा निवाडा जुलैत, पानं पिकून घट्ट झाल्यावर.

सकाळी ७.३०

तासगावात संध्याकाळचे पाच. धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल. त्याच्या मागे उघडाबोडका बाग, मांडवाच्या तारा आणि वेलींचे नुसते खुंटलेले हात.

“अक्का, खरड छाटणी उरकली बघ. चार दिवस गडी मिळत नव्हते. ऊन म्हणतंय मी. तुझं काय चाललंय?”

“थंडी पडणार आहे रात्री. झाडं झाकायचीत.”

“एप्रिलात?” तो पोट धरून हसतो. “आणि छाटलीस का न्हाई?”

“दोन शेंडे.”

“दोन?” आता तो हसत नाही. त्याला माझी कीव येते.

आमच्या घरात छाटणी म्हणजे शेतीचा अर्धा धर्म. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. वर्षातून दोनदा वेल उघडी करायची. आजोबा म्हणायचे, ज्याचा हात छाटताना थरथरतो त्यानं ज्वारी पेरावी. मी त्या घरातली. इथं पहिलं झाड लावलं तेव्हा पहिल्याच मार्चमध्ये मी त्याला तासगावच्या पद्धतीनं ‘मोकळं’ केलं. ते पुढची तीन वर्षं माझ्याकडे रागानं बघत असल्यासारखं वेडंवाकडं फुटत राहिलं.

फरक कळायला वेळ लागला. द्राक्षाची वेल मुळात थंड हिवाळ्याच्या मुलखातली. तिथं ती पानं टाकते, झोपते, आणि ठरावीक थंडी अंगावरून गेली की उठते. तासगावात तसला हिवाळा नाही. मग झोपेचं काम कात्री करते आणि उठवायचं काम औषध. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळ्यांना जी पेस्ट लावतात, तिच्यातलं हायड्रोजन सायनामाइड वेलीला न पडलेल्या थंडीचा भास करून देतं. लहानपणी हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून मीही ती लावलीय. आपण थंडीची नक्कल करतोय, हे मात्र मला इकडे, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, मेपल लावल्यावर कळलं. इथं थंडी खरी आहे. झोपवणं आणि उठवणं ती करते. माझ्यासाठी फारसं काम उरत नाही, आणि ते न उरणं सहन करणं हेच माझं काम.

“त्या किड्याची अंडी सापडली का?” भाऊ विचारतो.

“दोन पट्टे.”

“मार. तिकडंच मार. हिकडं येऊ दिऊ नगंस.”

सकाळी ९.००

पुढच्या अंगणातला ‘ब्लडगुड’. हे घर घेतलं तेव्हा घराबरोबर मिळालेला, आता पंधरा फुटांचा. अमेरिकेच्या या किनाऱ्यावर कुठल्याही गल्लीत शिरा, दर चौथ्या घरापुढे हा असतो. गडद तांबडा, आणि उन्हाळाभर तो रंग बऱ्यापैकी धरून ठेवणारा. मला भेटायला येणारे निम्मे मराठी पाहुणे त्याला चिनार म्हणतात. पानाचा घाट पाहता चूक माफ आहे, पण चिनार वेगळ्याच कुळातला.

या झाडानं मला जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकानं शिकवलं नसतं. पहिली काही वर्षं आम्ही बागेचं काम एका कंत्राटदाराकडे दिलं होतं. दर एप्रिलला त्याची माणसं यायची आणि लाकडाच्या भुशाचा ताजा थर प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी ओतून जायची. जुन्यावर नवा. होता होता बुंध्याभोवती वारूळ झालं, फूटभर उंचीचं. दिसायला सुबक, जणू झाडाला उबदार मफलर. मला वाटायचं, काय काळजी घेतात!

पाचव्या वर्षी एका बाजूची पानं लहान निघाली. सहाव्या वर्षी त्या बाजूच्या दोन फांद्या वाळल्या. मी काय केलं? खत घातलं, पाणी वाढवलं, आणि कंत्राटदाराला सांगून आणखी भुसा टाकून घेतला.

एका रविवारी, काही सुचेना म्हणून, मी ते वारूळ हातानं उकरायला बसले. खोडाची साल ओल्या पुठ्ठ्यासारखी झाली होती. साल हवेसाठी असते, मातीसाठी नाही. सतत ओलाव्यात पुरली की कुजते. त्याहून वाईट म्हणजे, भुशात ओल मिळाल्यामुळे झाडानं तिथंच वरच्या वर मुळं सोडली होती, आणि त्यातलं अंगठ्याएवढं जाड एक मूळ खोडाला वेढा घालून बसलं होतं. खोड जाड होत गेलं तसा तो वेढा आवळत गेला. जी बाजू वाळत होती, बरोबर तिच्याच खाली. झाड स्वतःच्याच मुळानं गळफास घेत होतं, आणि दोर आम्ही पुरवला होता.

पटाशी आणि हातोडी घेऊन ते मूळ दोन ठिकाणी तोडलं. उरलेलं वारूळ जमिनीच्या मूळ पातळीपर्यंत खाली आणलं. बुंधा जिथं पसरट होऊन मुळांत शिरतो तो भाग दिसेपर्यंत. तो भाग दिसायलाच हवा. हत्तीचा पाय जमिनीवर टेकतो तसं झाड टेकलेलं दिसलं पाहिजे. खांब पुरल्यासारखं दिसत असेल तर काहीतरी पुरलं गेलंय.

तेव्हापासून दर एप्रिलला आजच्यासारखं हे काम. वर्षभर पानं, माती, खारींनी उकरलेला भुसा बुंध्याशी जमतो, तो हातानं मागे सारायचा. भुसा हवाच. जपानी मेपलची मुळं उथळ असतात, त्यांना उन्हाळ्यात गार आणि ओलं राहायला आवडतं. पण तो दोन-तीन इंच जाडीचा, आणि बुंध्यापासून हातभर लांब. मधे मोकळी माती. वाळलेल्या फांद्यांच्या जागा आता बाकीच्यांनी भरून काढल्यात. खत मी त्या वर्षापासून बंद केलं.

मायेनं मारलेली झाडं मी या गल्लीत मोजत असते. यंदा सात आहेत.

सकाळी ११.१५

फाटकाशी गाडी थांबते. पलीकडच्या गल्लीतलं नवं मराठी जोडपं, गेल्या जूनमध्ये घर घेतलेलं. डिकीत आडवं झोपवलेलं एक मेपल.

“काकू, सेल होता! आजच लावतो. जरा जागा सांगायला येता का?”

मी आधी झाड उभं करून बघते. ‘क्रिमझन क्वीन’. बारीक कापलेल्या पानांचं, खाली झुकणाऱ्या छत्रीसारखं. कलमाची जागा शोधते. खोडावर फुटभर उंचीला एक गाठ, जिथून साल बदलते. जपानी मेपलच्या नावाजलेल्या जाती बहुतेक अशाच, साध्या हिरव्या रोपाच्या खुंटावर दुसऱ्याची काडी बांधून केलेल्या. गाठीखालून हिरवा धुमारा फुटला की तो खुंटाचा. वेळीच काढला नाही तर तोच राजा होतो. हे मी सांगायला लागले तर मुलगा म्हणतो, “म्हणजे हापूससारखंच.” बरोबर. त्याचे आजोबा देवगडचे असणार असं मी मनात धरते.

मग बोटानं कुंडीतली माती उकरते. एक इंच, दोन इंच, तीन इंचांवर बुंध्याचा पसरट भाग लागतो. रोपवाटिकेतच तीन इंच पुरलेलं. मी त्यांना दाखवते. लावताना वरची ही माती काढायची, कडेनं गोल फिरलेली मुळं मोकळी करायची, नाही सुटली तर चक्क कापायची. खड्डा कुंडीच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोल मात्र मुळांच्या गोळ्याएवढाच, उलट अर्धा इंच कमी. जागा अशी की सकाळचं ऊन मिळेल, दुपारी दोननंतर सावली. पाणी साचत नाही ना, तेही बघायचं. खड्ड्यात बादली ओतायची. तासाभरानंतरही पाणी तसंच असेल तर जागा बदलायची.

“मग आत्ता खणायला घेऊ?” ती विचारते. दोघांनी नवे हातमोजे घातलेत, किमतीचा कागदही काढलेला नाही.

“आज गॅरेजमध्ये ठेवा.”

चेहरे पडतात. मी पानं दाखवते. पूर्ण उघडलेली, तळहाताएवढी, लखलखीत. माझ्या झाडांपेक्षा तीन आठवडे पुढे. म्हणजे हे झाड काचघरातून किंवा दक्षिणेकडच्या एखाद्या राज्यातून आलंय. आजची रात्र त्याला माहीतच नाही.

जाता जाता ती विचारते, “काकू, पुण्याला सासऱ्यांच्या गच्चीत होईल का हो एखादं? त्यांना फार आवडेल.”

हा प्रश्न मला दर वर्षी कुणीतरी विचारतं. मला स्वतःला तो आईनं विचारला होता. पुण्यात जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली गेला तरी दुपारी तिशीला टेकतो. मेपलला तेवढ्यानं झोप लागत नाही. त्याला आठवडेच्या आठवडे सलग गारठा लागतो, तरच डोळे नीट फुटतात. नाहीतर पहिल्या वर्षी ते तग धरतं, दुसऱ्या वर्षी अर्धवट जागं होतं, आणि मेमधल्या उन्हात पानांच्या कडा विडीसारख्या जळतात. काश्मीर-हिमाचलात जमतं. “सासऱ्यांना ऑक्टोबरच्या शेवटी इकडेच बोलवा,” मी म्हणते. झाड तिकडं न्यायचा हट्ट धरण्यापेक्षा माणसाला तिकीट काढून देणं सोपं आहे.

दुपारी १.००

पिठलं-भात, कच्चा कांदा. वीस मिनिटं.

दुपारी १.३०

गॅरेजमधलं टेबल. इथं माझी रोपं आणि कलमं.

ऑक्टोबरमध्ये ब्लडगुडच्या खाली पंखवाल्या बिया पडतात, भिंगरीसारख्या गरगरत. मागच्या वर्षी साठ गोळा केल्या. पंख मोडले, एक दिवस पाण्यात भिजवल्या, आणि ओल्या वाळूच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे ठेवल्या. शंभरेक दिवस. ‘हे काय आहे’ असं आमच्याकडे दर पंधरवड्याला विचारलं गेलं. बीसुद्धा थंडी मोजतं. तेवढे दिवस भरल्याशिवाय उगवत नाही. साठांतली एकवीस उगवली. आणि एकवीस जणांचे एकवीस चेहरे. काही तांबडी, काही हिरवी, एकाची पानं लांबट, एकाला देठच तांबडा. एकही ‘ब्लडगुड’ नाही. बापाचं नाव बीतून येत नाही, ते फक्त कलमानं चालवता येतं. थॉम्पसन जातीच्या द्राक्षबागांतून वेगळा निघालेला वेल कुणीतरी हेरला आणि काडीनं वाढवला, तशी आमच्याकडची ‘तास-ए-गणेश’. जपानी माळ्यांनी हेच शतकानुशतकं केलं. एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, कडेला सोमेई नावाच्या गावात माळ्यांची वस्ती होती. अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच तिथं मेपलच्या जातींच्या सचित्र याद्या निघत होत्या. आज नाव असलेल्या जाती हजाराच्या घरात आहेत. माझ्या शेल्फवर ओरेगनच्या जे. डी. व्हर्ट्रीस यांचं १९७८ साली पहिल्यांदा निघालेलं पुस्तक आहे, ‘जॅपनीज मेपल्स’, त्याची नंतरची आवृत्ती. त्याची पानं मातीनं मळलीत, हीच त्याची पावती.

मी ती एकवीस रोपं दुसऱ्या कुंड्यांत हलवते. देठाला हात न लावता, बीजपत्राला धरून. देठ चेंगरला तर रोप गेलं. बीजपत्र फाटलं तरी चालतं.

मग कलमं. फेब्रुवारीत सहा बांधली होती. जानेवारीत खुंटाच्या कुंड्या उबेत आणल्या, म्हणजे मुळं जागी होतात. काडी मात्र झोपलेलीच हवी. खुंट जागा, काडी झोपलेली. या फरकावरच सगळा खेळ. वडील द्राक्षाच्या डॉगरिज खुंटावर पाचर मारायचे, शंभरात नव्वद जमायची. मी खुंटाच्या बाजूला तिरका काप घेऊन काडी बसवते, साल सालीला भिडवून, आणि रबराची पट्टी गुंडाळते. सहांतली दोन धरली. दोन्ही ‘शिशिगाशिरा’. नावाचा अर्थ सिंहाचं डोकं. पानं चुरगळलेली, फांदीवर दाटीवाटीनं, खरोखर आयाळीसारखी. बाकी चार काड्या सुरकुतल्यात. टाकून द्यायला हात पुढे गेला, तो मागे घेतला. चौथीच्या तळाशी एक डोळा अजून फुगलेला वाटतो. महिनाभर राहू दे.

दुपारी ४.००

आता रात्रीची तयारी. आधी पाणी.

थंडी येणार आणि ही बाई झाडांना पाणी घालतेय, हे शेजारच्या आजोबांना दर वेळी विचित्र वाटतं. पण पाणी पानांवर नाही, मातीवर. ओली माती दिवसाची ऊब कोरड्या मातीपेक्षा जास्त साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. जमीन हीच माझी शेगडी आहे. तिच्यात सरपण भरून ठेवायचं, एवढंच. चार झाडांच्या आळ्यांत सावकाश नळी सोडून ठेवली.

कुंड्या गॅरेजमध्ये. जानेवारीभर त्या तिथंच होत्या, कारण वेगळं. जमिनीत लावलेल्या मेपलची मुळं मातीच्या पांघरुणात असतात. कुंडीत चहूबाजूंनी हवा. आणि मूळ हे फांदीपेक्षा नाजूक. १४ फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे १० सेल्सिअसच्या आसपास कुंडीतली मुळं मरायला लागतात, वरच्या फांद्यांना पत्ताही नसतो. झाड मार्चपर्यंत ठणठणीत दिसतं आणि एप्रिलमध्ये उठतच नाही. हे मला दोन झाडं गमावून कळलं.

अकरा कुंड्या, एक ढकलगाडी, एक नवरा. आठवी उचलताना त्यांनी कमरेला हात लावला, तेव्हा उरलेल्या तीन मोठ्या भिंतीच्या आडोशाला सरकवून तिथंच झाकायचं ठरलं.

संध्याकाळी ६.३०

झाकणं. माझ्याकडे यासाठी सहा सोलापुरी चादरी आहेत. वेगवेगळ्या सुटकेसांतून, वेगवेगळ्या वर्षी, कुणाकुणाच्या लग्नातून आलेल्या. मोरांची नक्षी असलेली लाल, पट्ट्यांची हिरवी, एकीवर अजून कोपऱ्यात आहेराच्या पाकिटाचा डिंक आहे. इथल्या दुकानात झाडांसाठी पांढरं हलकं कापड मिळतं. तेही चांगलंच. पण चादरी घरात होत्या, आणि इथं त्या कुणी पांघरत नव्हतं.

चादर वजनदार, म्हणून आधी झाडाभोवती बांबूच्या चार काठ्या रोवायच्या, झाडापेक्षा वीतभर उंच. चादर काठ्यांवरून खाली जमिनीपर्यंत सोडायची, कडेला विटा. ती पानांना टेकता कामा नये आणि जमिनीपाशी फट राहता कामा नये. काम चादरीच्या उबेचं नाहीच. झाडाच्या अंगात ऊब नसते, मग पांघरूण घालून ती राखणार कुठून? चादर राखते ती जमिनीतून वर येणारी ऊब. म्हणून वरून गुंडाळी करून बुंध्याला बांधलेली झाडं बघितली की मला हसू येतं. शेगडी तंबूच्या बाहेर ठेवून आत बसल्यासारखं.

एका वर्षी मी प्लास्टिक वापरलं होतं. सकाळी जिथं जिथं पान प्लास्टिकला टेकलं होतं, तिथं तिथं काळा डाग. चादरींचा जन्म त्या सकाळचा.

तीन जमिनीतली झाडं आणि तीन कुंड्या झाकून झाल्या. अंगणात सहा ठेंगणे तंबू, मोरांचे आणि पट्ट्यांचे. फिरायला निघालेलं एक कुटुंब थांबून बघतं. मी हात हलवते.

ब्लडगुड उरला. पंधरा फूट. त्याला झाकायला शामियाना लागेल. पहिल्या वर्षी मी शिडी लावून अर्ध्या झाडावर चादरी टाकायचा प्रयत्न केला होता. एक फांदी मोडली, पान एकही वाचलं नाही. झाडाला दुसरी फूट असते. थंडीनं पहिली पालवी मारली तर राखीव डोळे महिन्याभरात उघडतात. ती दुसरी पालवी घरातल्या साठवणीवर येते, म्हणून झाड थोडं थकतं; सलग दोन-तीन वर्षं तसं झालं तर जास्तच. पण मरत नाही. माझं काम एवढंच, की त्या महिन्यात घाबरून खत घालायचं नाही आणि वाळल्यासारख्या दिसणाऱ्या फांद्या छाटायच्या नाहीत.

त्याच्या आळ्यातली नळी बंद केली आणि आत आले.

रात्री १०.००

वारा पडला. मागच्या अंगणात उभं राहून वर बघते. चांदण्या इतक्या स्वच्छ की राग येतो. ढग असते तर त्यांनी जमिनीची ऊब परत खाली ढकलली असती. ढग म्हणजे आभाळानं घातलेली गोधडी. आज गोधडी नाही. ३७.

पहाटे ३.१५

कुणी उठवलं नाही, जाग आली. ३१. कोटावर शाल घेऊन बाहेर. एका चादरीखाली हात घालून ठेवलेला दुसरा तापमापक बघते. ३६. पाच अंशांचा फरक, सोलापूरचा आणि ओल्या मातीचा.

ब्लडगुडजवळ जात नाही. काही करता येणार नसेल तिथं टॉर्च मारू नये.

पहाटे ६.००

२९. हवामान खात्यानं शब्द पाळला. हिरवळीवर पिठीसाखर भुरभुरल्यासारखं दव गोठलंय, पायाखाली कुरकुरतं. चादरी वरून कडक झाल्यात, ओल्या वाळवणासारख्या. काढायची घाई नाही. ऊन वर येऊन पारा चाळिशीला टेकेपर्यंत थांबायचं.

साडेआठला एकेक उचलते. सांगो काकु, ओलसर आणि शाबूत. बाकीचेही. गॅरेजमधल्यांना तर काही झाल्याचा पत्ताच नाही.

मग ब्लडगुड. खालच्या फांद्यांवर, माझ्या खांद्याच्या उंचीपर्यंत, पानं लिबलिबीत होऊन लोंबतायत, उकडलेल्या माठाच्या भाजीसारखी. वर, हाताबाहेरच्या उंचीवर, सगळी तांबडी आणि ताठ. थंड हवा जड, ती तळाशी साचते. झाडाला काल रात्री थंडी घोट्यापासून खांद्यापर्यंत चढली आणि तिथं थांबली.

म्हणजे मला हात लावता येईल तेवढंच गेलं. हात पोचत नाही तिथलं राहिलं.

कात्री खिशात आहे. ती मी परत खिळ्याला अडकवून येते. चादरी मागच्या कठड्यावर वाळत टाकते. भावाला फोटो पाठवते. तासगावात संध्याकाळचे साडेसहा. उत्तर लगेच येतं.

“ही तर माझ्या लग्नातली चादर.”

थोड्या वेळानं दुसरं.

“काळी पडलेली काढून टाक की.”

“जूनमध्ये,” मी लिहिते.